मत नसलेल्यांच्या मुलांची शाळा

शाळांच्या इमारतींसाठी कर्जरोखे, म्हणजे बॉन्ड, काढायचे का याचं मतदान जवळ आलं की आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक काउंटीच्या (इथला जिल्हाच म्हणा) पश्चिम भागात, एक प्रश्न हमखास कानावर येतो. गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत येतो, मुलांच्या क्रिकेट प्रॅक्टिसला खुर्च्या टाकून बसलेल्या बापांमध्ये येतो. "शाळा काउंटीच्या. इमारती शाळामंडळाच्या. कर्ज काउंटी काढणार. मग आपलं टाऊन कौन्सिल कशाला मध्ये पडतंय? मेयरने रस्ते, पाणी आणि कचरा बघावा." विचारणारी माणसं शहाणी आहेत. पै-पैचा हिशेब ठेवून इथे घरं उभी केलेली आहेत. म्हणून त्यांना उडवून न लावता नीट उत्तर द्यावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. टाऊन कौन्सिलने मध्ये पडलंच पाहिजे. उघडपणे, सभेत ठराव करून, आणि मेयरने स्वतःच्या तोंडाने सांगून. गप्प बसणारं कौन्सिल मला तटस्थ वाटत नाही. ते आपल्या कामातून अंग काढून घेतंय असं वाटतं.

आधी हे कर्ज निघतं कसं ते सांगते, कारण आपल्याकडून आलेल्या माणसाला याची सवय नसते. पुणे महापालिकेने २०१७ साली चोवीस तास पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली, पेपरात फोटो आले. पण "काढू का?" म्हणून कुणी पुणेकरांना मतदानाला बोलावलं नव्हतं. इथे बोलवावं लागतं. काउंटीला आपली पत आणि कर लावायची ताकद कर्जामागे उभी करायची असेल तर राज्याच्या घटनेप्रमाणे लोकांचा कौल घ्यावा लागतो.

शाळामंडळ निवडून येतं, पण त्याला कर लावायचा अधिकार नाही. ते फक्त यादी करतं. इथे नवी शाळा हवी, तिथल्या इमारतीचं आयुष्य संपलंय, अमुक ठिकाणी छप्पर आणि एसी बदलायला झालेत. ती यादी घेऊन ते काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनर्सकडे जातं. कमिशनर्सही निवडून आलेले, पण वेगळ्या निवडणुकीतून, आणि कधीकधी वेगळ्या पक्षाचे. त्यांनी रक्कम ठरवली, प्रश्न मतपत्रिकेवर घालायचा ठराव केला, की मग राज्याच्या लोकल गव्हर्नमेंट कमिशनची मंजुरी. हे कमिशन १९३१ सालचं. महामंदीत राज्यातली शहरं आणि काउंट्या कर्जात बुडाल्या तेव्हा नेमलेलं. आजही त्याच्या परवानगीशिवाय असे रोखे काढता येत नाहीत. लोकांनी "हो" म्हटलं की रोखे गरजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने विकतात आणि साधारण वीसेक वर्षांत प्रॉपर्टी टॅक्समधून फेडतात. वेक काउंटीला तिन्ही मोठ्या पतमापन संस्थांचं ट्रिपल ए, म्हणजे सर्वात वरचं, मानांकन आहे, त्यामुळे व्याज कमी पडतं. मतदान न घेता, इमारतच तारण ठेवून कर्ज काढायची वाटही कायद्यात आहे आणि काउंट्या ती वापरतात, पण तिथे व्याज थोडं जास्त लागतं. शेवटी भरायचं आपल्यालाच, मग स्वस्तातलं कर्ज बरं.

या साखळीत टाऊनचं नाव कुठेही नाही. इथवर प्रश्न विचारणारे बरोबर आहेत.

पण मुलं येतात कुठून? वेक काउंटीची लोकसंख्या २००० साली सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१० च्या जनगणनेत ती ९ लाखांवर गेली आणि २०२० मध्ये ११ लाख २९ हजार झाली. आपल्या लोकांनी भरलेलं मॉरिसव्हिल घ्या. २००० साली ५,२०८ माणसं, २०२० साली २९,६३०. ही माणसं आभाळातून पडली नाहीत. रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या नोकऱ्यांनी त्यांना आणलं, आणि राहायला घरं मिळाली ती टाऊन कौन्सिलने परवानगी दिली म्हणून. जमिनीचं झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधता येईल ते, बदलणं, साडेतीनशे टाऊनहाउसच्या आराखड्यावर शिक्का मारणं, एकराला किती घरं हे ठरवणं, हे सगळं टाऊनच्या सभागृहात होतं. शाळेचा वर्ग मात्र काउंटीच्या पैशातून बांधायचा. एकाने पाहुण्यांना आमंत्रणं द्यायची आणि स्वयंपाक दुसऱ्याने करायचा, अशी ही वाटणी आहे. आमंत्रण देणाऱ्याने निदान किराणा भरायच्या दिवशी तरी उभं राहावं, एवढंच माझं म्हणणं.

"मग टाऊनने घरांना परवानगीच देऊ नये, किंवा बिल्डरकडून शाळेचे पैसे वसूल करावेत," असं कुणी म्हणतं. मलाही आधी तेच सरळ वाटायचं. पण नॉर्थ कॅरोलिनात ती वाट जवळजवळ बंद आहे. डरहम काउंटीने नव्या घरांवर शाळांसाठी शुल्क लावलं होतं, ते २००६ साली कोर्टाने रद्द केलं. शार्लटच्या बाजूच्या कबॅरस काउंटीने "शाळेत जागा नसेल तर बांधकाम परवानगी नाही, नाहीतर घरामागे पैसे भरा" असा नियम केला होता. लॅनव्हेल प्रॉपर्टीज नावाच्या कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला आणि २०१२ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की विधिमंडळाने असा अधिकार काउंटीला दिलेलाच नाही. म्हणजे घरं वाढत राहणार, बिल्डरकडून शाळेसाठी शुल्क घेता येणार नाही, आणि शाळा सगळ्यांच्या प्रॉपर्टी टॅक्समधूनच उभ्या राहणार. हे कळल्यावर बॉन्डकडे बघायची माझी नजर बदलली. तो कुणाच्या हौसेचा खर्च उरला नाही.

जागा कमी पडते म्हणजे काय होतं, हे मी वर्गात जाऊन पाहिलंय. माझी मुलगी प्राथमिक शाळेत होती ती मल्टी-ट्रॅक शाळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलांचे चार गट करतात, कुठल्याही वेळी तीन गट शाळेत आणि एक गट सुट्टीवर. पंचेचाळीस दिवस शाळा, पंधरा दिवस सुट्टी, वर्षभर चक्र चालू. शाळा जुलैत सुरू होते. इमारत एक, पण तिच्यात सुमारे एक तृतीयांश मुलं जास्त बसवता येतात. हिशेब सुरेख आहे. किंमत मोजतात त्या बाई.

ट्रॅक आउटच्या दिवशी मी बाईंना मदत करायला जायचे. त्यांचा गट सुट्टीवर गेला की त्यांच्या खोलीत दुसरा वर्ग येणार, म्हणून संपूर्ण खोली रिकामी करायची. फळ्यावरची ए ते झेडची लांब पट्टी टाचणीने हळूहळू सोडवायची, कारण फाटली तर नवी लॅमिनेट करायला बाई स्वतःच्या खिशात हात घालायच्या. पुस्तकांचे प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येकावर मुलाचं नाव, एकात एक बसवून चाकांच्या उंच कपाटात. गोष्टीच्या वेळचा गालिचा गुंडाळून दोघींनी उचलायचा. मुलांनी लावलेली घेवड्याची रोपं कुणीतरी घरी न्यायची. मग ती कपाटं ढकलत कॉरिडॉरच्या टोकाला. तीन आठवड्यांनी हेच सगळं उलट, आणि बरेचदा वेगळ्याच खोलीत. बाई कधी कुरकुरल्या नाहीत. पण पहिलीतल्या मुलाला आपली जागा, आपली खुंटी, आपला कोपरा लागतो आणि तो दर नऊ आठवड्यांनी हलतो, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

घरी वेगळी कसरत. मुलगी ट्रॅकवर, मुलगा मोठ्या शाळेत साध्या कॅलेंडरवर. तिला सुट्टी तेव्हा त्याच्या परीक्षा, त्याला उन्हाळ्याची सुट्टी तेव्हा तिची शाळा सुरू. साताऱ्याला आईकडे दोघांना घेऊन जायचं तर दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून जुळणारे आठवडे शोधायचे. आमचं निभावलं. पण २००७ साली शाळामंडळाने गर्दीपायी बावीस शाळा सक्तीने या पद्धतीवर नेल्या तेव्हा पालक कोर्टात गेले होते, आणि ते प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २००९ साली शाळामंडळाच्या बाजूने निकाल लागला होता. लोक हौस म्हणून कोर्टात जात नाहीत. वर्ग पुरेसे असते तर ही वेळच आली नसती.

शिवाय ट्रेलर, म्हणजे तात्पुरत्या सुट्या वर्गखोल्या. शाळेच्या मागच्या मैदानावर ओळीने उभे, लाकडी पायऱ्या, खाली जाळी. पावसात शौचालयाला जायचं तर छत्री घेऊन मुख्य इमारतीत. शिवाय कॅप. शाळेत जागा संपली की नव्याने राहायला आलेल्या मुलाला तिथे घेत नाहीत, लांबच्या ओव्हरफ्लो शाळेत पाठवतात. माझ्या एका मैत्रिणीने केवळ शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून घर घेतलं, आणि तिचा मुलगा दोन वर्षं त्याच शाळेवरून बसने पुढे जात होता. किंडरगार्टन ते तिसरीच्या वर्गातली मुलं कमी करायचा राज्याचा कायदा आला तेव्हा तर चित्रकलेच्या आणि संगीताच्या खोल्याही वर्ग म्हणून घ्याव्या लागणार, अशी धास्ती पडली. चित्रकलेच्या बाई रंगांचं सामान ट्रॉलीवर घालून या वर्गातून त्या वर्गात फिरणार, असं.

बॉन्ड दरवेळी पास होतो असंही नाही. १९९९ साली या काउंटीने ६५ कोटी डॉलरचा बॉन्ड साफ नाकारला होता. पुढच्या वर्षी ५० कोटींचा मंजूर झाला. २००६ चा ९७ कोटींचा काठावर निघाला, ५३ टक्क्यांच्या आसपास. आणि मग २०१३.

२०१३ मला चांगलं आठवतं, कारण तेव्हा आमच्याकडे ग्रीन कार्ड होतं, घर होतं, टॅक्स होता, मुलं शाळेत होती, फक्त मत नव्हतं. काउंटी कमिशनमध्ये रिपब्लिकनांचं बहुमत, शाळामंडळात डेमोक्रॅटांचं. त्याच वर्षी कमिशनर्सनी शाळांच्या इमारती आणि बांधकाम आपल्या ताब्यात यावं म्हणून विधिमंडळात विधेयक पुढे रेटलं होतं. सिनेटमध्ये ते मंजूर झालं, हाउसमध्ये अडलं. दोन्ही मंडळांमध्ये इतकं वितुष्ट, की ही माणसं एका टेबलाला बसतील असं वाटत नव्हतं. आणि तरीही ८१ कोटींच्या बॉन्डसाठी दोन्हीकडची माणसं एकत्र उभी राहिली. सोळा नव्या शाळा, सहा शाळांची मोठी दुरुस्ती, अशी यादी होती. टॅक्स किती वाढणार तेही लपवलं नाही. १०० डॉलर मूल्यामागे साडेपाच सेंट, म्हणजे २,६३,५०० डॉलरच्या घराला वर्षाला सुमारे १४५ डॉलर. ८ ऑक्टोबरला, मंगळवारी, मतदान झालं आणि साधारण ५८ टक्क्यांनी ते मंजूर झालं. ज्या वर्षी सगळे एकमेकांशी भांडत होते त्या वर्षी ते झालं, ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. निवडून आलेल्या माणसांनी एका आवाजात सांगितलं तर लोक ऐकतात, टॅक्स वाढणार हे सांगूनसुद्धा ऐकतात.

यानंतर मी टाऊन कौन्सिलच्या सभांना जायला लागले. आणि २०१८ च्या बॉन्डच्या आधी तिथे जे पाहिलं, त्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर तीन बॉन्ड होते. शाळांसाठी ५४ कोटी ८० लाख, वेक टेक कम्युनिटी कॉलेजसाठी ३४ कोटी ९० लाख, आणि उद्यानं व मोकळ्या जागांसाठी १२ कोटी. आमच्या कौन्सिलपुढे पाठिंब्याचा ठराव होता. कायद्याप्रमाणे महिन्यातून एकदा तरी लोकांना बोलायला वेळ द्यावा लागतो. आमच्याकडे माणशी तीन मिनिटं. समोर छोटा दिवा, हिरवा, पिवळा, लाल. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतला एक तरुण बोलायला उठला. मूळचा नांदेडकडचा, नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, दोन मुलं. कागद हातात होता पण त्याने तो घडी करून खिशात ठेवला.

तो म्हणाला, "मी या गावात घर घेतलंय. माझा टॅक्स वेळेवर भरतो. माझी मुलगी ट्रेलरमध्ये शिकते. नोव्हेंबरमध्ये हा प्रश्न मतपत्रिकेवर असेल, पण मला मतपत्रिका मिळणार नाही. माझ्या देशातून आलेल्यांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की ते मिळेपर्यंत माझी मुलगी कॉलेजात असेल. मी रिपब्लिकन नाही, डेमोक्रॅट नाही, मी मतदारच नाही. तुम्ही मात्र माझे कौन्सिल मेंबर आहात, कारण मी इथे राहतो. माझ्या वतीने कुणी बोलणार असेल तर ते तुम्हीच."

पिवळा दिवा लागायच्या आत तो बसला. सभागृहात टाळ्या वाजवायची पद्धत नाही, कुणी वाजवल्या नाहीत. एका सदस्याने पुढे म्हटलं की शाळा हा आपला विषय नाही, आपण काउंटीच्या कामात का बोलावं. त्याला दुसऱ्या सदस्याने उत्तर दिलं ते फार सरळ होतं: या वर्षी आपण किती घरांच्या आराखड्यांना "हो" म्हटलं ते आठवा, त्या घरांतली मुलं उद्या कुठे बसणार? ठराव मंजूर झाला.

त्या तरुणाचं म्हणणं माझ्या मनातून जात नाही. बॉन्डचा प्रश्न फक्त मतदारांना विचारतात, ते योग्यच आहे. पण वर्गात बसणारी मुलं मतदारांचीच असतात असं नाही. आमच्या या पट्ट्यात तर नाहीच. किती घरांत आई-बाप दोघंही व्हिसावर आहेत! टॅक्स त्यांचाही जातो. भाड्याने राहणाऱ्याचाही घरमालकामार्फत जातो. दुसरीकडे, ज्यांची मुलं शिकून बाहेर पडली, ज्यांना शाळेचा रस्ताही आठवत नाही, त्यांच्या हातात मतपत्रिका आहे. मतदान फक्त मतदारांचं असतं, कौन्सिल मात्र सगळ्या रहिवाशांचं असतं. पाणी जोडताना, कचरा उचलताना ते नागरिकत्व विचारत नाही. म्हणून मतपत्रिकेपर्यंत न पोचणाऱ्या माणसाचं म्हणणं मतदारापर्यंत पोचवायचं काम कौन्सिलचंच आहे. ते करायला दुसरं कुणी नाही.

"पण सरकारी पैशाने प्रचार?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कायद्यात आहे. २०१० पासून नॉर्थ कॅरोलिनात काउंटी, टाऊन किंवा शाळामंडळ सार्वजनिक पैसा खर्चून "हो म्हणा" किंवा "नाही म्हणा" असा प्रचार करू शकत नाही. रक्कम किती, कुठल्या शाळा, टॅक्स किती, ही माहिती देता येते. निवडून आलेला माणूस स्वतःच्या नावाने आपलं मत सांगू शकतो. अंगणात लावायच्या पाट्या, पत्रकं, हे सगळं नागरिकांच्या समित्या देणग्या गोळा करून करतात. ही रेघ मला मान्य आहे, ती असलीच पाहिजे. पण काही मेयर या रेघेचं निमित्त करून तोंडच उघडत नाहीत, ते मला मान्य नाही. पैसा खर्च करायला बंदी आहे, सांगायला नाही.

माझे वडील साताऱ्याकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचे सदस्य होते. शाळा जिल्हा परिषदेची, शिक्षक जिल्हा परिषदेचे, खोल्यांचा निधी वरून यायचा. ग्रामपंचायतीचा संबंध कागदावर थोडाच. पण चौथीच्या वर्गाला खोली नव्हती आणि मुलं मारुतीच्या देवळात बसत होती, तेव्हा ग्रामपंचायतीने शाळेला लागून जागा दिली, ठराव करून पंचायत समितीकडे पाठवला, आणि वडील लोकवर्गणीसाठी घरोघर फिरले. आजीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. कर्मवीरांच्या वसतिगृहांसाठी मूठ मूठ धान्य बाजूला काढणाऱ्या पिढीतली ती. "शाळा कुणाची" हा प्रश्न आमच्या घरात मी कधी ऐकला नाही. मुलं गावची होती, तेवढं पुरे होतं.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. आमच्या रस्त्यावर एक आजी राहतात, इथल्याच, ऐंशीच्या पुढच्या. नवऱ्याच्या पश्चात पेन्शन आणि सोशल सिक्युरिटीवर घर चालतं. २०२४ च्या फेरमूल्यांकनात घरांच्या किमती कागदावर इतक्या वाढल्या की नोटीस हातात घेऊन त्या माझ्या दाराशी आल्या होत्या. त्यांना एक सेंटही जड वाटतो, आणि तो वाटायचा हक्क त्यांना आहे. वय ६५ किंवा त्याहून जास्त आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर घराच्या मूल्यातला काही भाग टॅक्समधून वगळायची सोय राज्याच्या कायद्यात आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि ज्यांना सर्वात गरज असते त्यांनाच हे माहीत नसतं. बॉन्डला पाठिंबा देणाऱ्या कौन्सिलने त्याच दमात ही माहिती सीनियर सेंटरमध्ये, चर्चमध्ये, मंदिरात पोचवली पाहिजे. तो अर्ज छापून ठेवला पाहिजे, भरायला माणूस बसवला पाहिजे. ते न करता नुसतं "मुलांसाठी हो म्हणा" म्हणणं मला अर्धवट वाटतं.

आणि पाठिंबा म्हणजे आंधळा होकार नव्हे. टाऊनला काही गोष्टी काउंटीपेक्षा जास्त कळतात. कुठल्या चौकात सकाळी पावणेआठला गाड्या तुंबतात. कुठल्या वस्तीतून शाळेपर्यंत फूटपाथ नाही म्हणून अर्ध्या मैलासाठी मुलांना बसमध्ये बसावं लागतं. कुठे उद्यान आणि शाळा शेजारी बांधली तर एकच मैदान दोघांना पुरेल. हे सगळं पाठिंब्याच्या ठरावात लिहावं. "आम्ही फूटपाथ आणि क्रॉसिंग करू, तुम्ही या भागातली शाळा यादीत वर घ्या," असं बोलावं. असा ठराव कमिशनर्सना वाचावाच लागतो. "आमचा पाठिंबा आहे" एवढंच लिहिलेला ठराव कुणी वाचत नाही.

२०१८ चे तिन्ही बॉन्ड मंजूर झाले. तोवर मला नागरिकत्व मिळालं होतं आणि इथलं माझं शाळांसाठीचं पहिलं "हो" मी तेव्हाच दिलं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये शाळांसाठी पुन्हा ५३ कोटी ७ लाखांचा बॉन्ड आला, तोही मंजूर झाला. वाढ थांबलेली नाही, तेव्हा पुढचा येणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून दोन-तीन उपयोगाच्या गोष्टी लिहून ठेवते.

ज्यांना मत आहे त्यांच्यासाठी. बॉन्डचे प्रश्न मतपत्रिकेच्या अगदी शेवटी असतात, पुष्कळदा मागच्या बाजूला. राष्ट्राध्यक्ष किंवा सिनेटरपाशी थांबून कागद मशिनमध्ये घालू नका, उलटून बघा. प्रश्नाची भाषा वकिली असते आणि त्यात "जादा कर लावला जाऊ शकतो" हे शब्द असतात. ते वाचून दचकायला होतं, म्हणून आकडा घरूनच काढून जा. १०० डॉलरमागे एक सेंट म्हणजे ४ लाखांच्या घराला वर्षाला ४० डॉलर. जितके सेंट, तितक्या पटीने. ज्यांना नुकतंच नागरिकत्व मिळालंय त्यांनी अर्ली व्होटिंगच्या, म्हणजे मुख्य मतदानाआधीच्या, दिवसांत जावं. तेव्हा पत्त्याचा पुरावा दाखवून तिथल्या तिथे नाव नोंदवता येतं आणि मतही देता येतं.

ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी तर जास्तच महत्त्वाचं. मतदान करू नका, चुकूनही नाही. नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे आणि त्यापायी पुढचं सगळं धोक्यात येईल. पण टाऊन कौन्सिलच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. आमच्याकडे सभा सुरू व्हायच्या आधी दाराजवळच्या यादीत नाव लिहायचं, नाव आणि पत्ता सांगून बोलायला सुरुवात करायची. ठराव यायच्या महिनाभर आधी जा, त्याच दिवशी नको, कारण सदस्यांचं मत तोवर पक्कं झालेलं असतं. जमलं तर तीन-चार घरांनी मिळून जा आणि एकेकाने एकच मुद्दा घ्या. एकाने ट्रेलर, एकाने कॅप, एकाने फूटपाथ. तीन मिनिटं म्हणजे कागदावर साधारण दीड पान. इंग्रजीत बोलायची भीड वाटत असेल तर मला कळवा, शनिवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहू आणि दोनदा वाचून बघू.